गडचिरोलीचे आरोग्यदूत

महाराष्ट्राच्या नकाशात पूर्वेच्या टोकाला गडचिरोली जिल्हा दिसतो. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन तो निर्माण झाला. वैनगंगेच्या काठापासून पूर्वेकडे पसरलेली दाट अरण्ये, त्यांत विखुरलेली लहान लहान गावे, धानाची शेते आणि मोहाची झाडे असे या मुलखाचे रूप आहे. गोंड, माडिया आदी आदिवासी लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. पावसाळ्यात नद्यानाल्यांना पूर आला म्हणजे आतील अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटतो. अशा वेळी एखाद्या घरी तान्हे मूल आजारी पडले, तर त्याला घेऊन दवाखान्यापर्यंत पोहोचणे किती कठीण असेल, याची कल्पना शहरात राहणाऱ्यास सहसा येत नाही.

१९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य या जिल्ह्यात काम करण्यासाठी आले. दोघांनी वैद्यकाचे शिक्षण नागपूर येथे घेतले होते व पुढे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘सर्च’ असे आहे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ शोध. नावाप्रमाणेच त्यांनी प्रथम शोध घेतला तो मृत्यूंचा. या गावांतील मुले किती दगावतात, कोणत्या वयात दगावतात आणि कशाने दगावतात, हे जाणून घेतल्यावाचून औषधाची पेटी उघडण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत होते.

या शोधात दिसून आलेले बालमृत्यूचे एक मोठे कारण म्हणजे न्युमोनिया. न्युमोनियात बालकाच्या फुप्फुसांना सूज येते व ते भराभर श्वास घेऊ लागते. वेळीच योग्य औषध मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात. पण औषध द्यावयाचे तर आजार ओळखावयास हवा. खेड्यातील सुईणीला अंक ठाऊक नसतील, तर तिने मिनिटाला पन्नास श्वास झाले की साठ, हे कसे सांगावे? यावर एक साधे साधन तयार करण्यात आले. एका चौकटीत मणी ओवलेले असून तिला एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडलेले असे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीच लाल मण्याची पाळी आली, तर बालकाला न्युमोनिया झाला आहे असे समजून औषध सुरू करावयाचे. या युक्तीने पाटीवर एक अक्षरही न गिरवलेली स्त्री आजार ओळखू लागली.

हा उपाय ५८ गावांत करण्यात आला आणि जवळच्या ४४ गावांत मुलांच्या मृत्यूंची केवळ मोजदाद ठेवण्यात आली. उपाय झालेल्या गावांत न्युमोनिया झालेल्या दर हजार मुलांमागे आठ दगावली. दुसऱ्या गावांत हेच प्रमाण १३५ होते. हे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तथापि एक दुःख शिल्लक राहिले. जन्मल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांची संख्या अजूनही मोठी होती. या अठ्ठावीस दिवसांच्या बाळाला नवजात म्हणतात. नवजात बाळाचे आजार फार फसवे असतात. मोठे मूल रडून, कण्हून आपले दुखणे सांगते. नवजात बाळ मात्र आजारी झाले म्हणजे उलट शांत होते. ते दूध ओढीनासे होते, त्याचे रडणे क्षीण होते, अंग थंड पडते आणि घरातील माणसांना वाटते की बाळ निजले आहे.

अशा बाळांवर रुग्णालयातच उपचार व्हावेत, असे त्या काळी वैद्यकाचे मत होते. ते चुकीचे होते असे नाही. पण रुग्णालय दूर, प्रवास अवघड, आणि बाळंतिणीने व बाळाने घराबाहेर पडू नये असा रिवाज. तेव्हा बाळ रुग्णालयात जात नसेल, तर उपचारच बाळाच्या घरी नेता येतील का, असा प्रश्न बंग दांपत्याने स्वतःला विचारला. प्रश्न साधा दिसतो. परंतु चार-पाच इयत्ता शिकलेल्या गावातील स्त्रीच्या हाती सुई देऊन तिने दोन किलो वजनाच्या जिवाला टोचावे, ही कल्पना त्या वेळी अनेक डॉक्टरांना धाडसाची, किंबहुना धोक्याची वाटत होती.

म्हणून घाई करण्यात आली नाही. ३९ गावे उपायासाठी निवडण्यात आली व ४७ गावे तुलनेसाठी. १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे दोन्हीकडे जन्म व मृत्यू मोजण्यात आले. उपाय करावयाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती. तुलनेच्या गावांत ५८. म्हणजे आरंभी दोन्हीकडील स्थिती जवळजवळ सारखीच होती.

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. केवळ ३९ गावांतच मोजदाद केली असती तर काय बिघडले असते? समजा, एका गावात एका वर्षी चार बाळे दगावली आणि औषध दिल्यावर पुढील वर्षी दोनच दगावली. गावकरी म्हणतील, औषध लागू पडले. पण त्या वर्षी पीक चांगले आले असेल आणि त्यामुळे गरोदर स्त्रियांना पोटभर अन्न मिळाले असेल. थंडी कमी पडली असेल. नवा रस्ता झाला असेल. किंवा हा केवळ योगायोग असेल. कारण लहान गावात वर्षाला जन्म थोडे आणि मृत्यू त्याहून थोडे, त्यामुळे आकडा एखाद्या वर्षी सहज वरखाली होतो. शेजारच्या गावांतही तोच पाऊस पडतो, तेच पीक येते, तीच थंडी असते. तेव्हा दोन्हीकडील आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि बरीच गावे एकत्र घेतली, म्हणजेच औषधाचे श्रेय औषधाला आणि पावसाचे श्रेय पावसाला देता येते.

मृत्यू मोजणे हेही वाटते तितके सोपे काम नाही. बारशापूर्वीच गेलेल्या बाळाविषयी घरातील माणसे परक्याजवळ बोलत नाहीत. पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते, तेव्हा जन्म एका गावी आणि घर दुसऱ्या गावी असा घोळ होतो. एखादे बाळ जन्मल्यावर एकदाच श्वास घेऊन गेले, तर ते मृतच जन्मले असे सांगितले जाते. असे झाले तर नवजात मृत्यूंचा आकडा कागदावर घटतो, बाळे मात्र तितकीच गेलेली असतात. यासाठी मृत जन्मलेली बाळे आणि पहिल्या आठवड्यात गेलेली बाळे यांची एकत्रित गणतीही ठेवावी लागते.

शिवाय मोजावयाचे कोणी? बाळाची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांकडेच मृत्यूंची अंतिम मोजणी सोपवली नाही. ते काम दुसऱ्या कार्यकर्त्यांकडे होते. यात त्या स्त्रियांवर अविश्वास नव्हता. आपल्या उत्तरपत्रिकेला आपणच गुण द्यावयाचे ठरवले, तर प्रामाणिक विद्यार्थ्याचाही हात थोडा सैल होतो. मग जिने रात्र रात्र जागून बाळ जपले तिला त्याच्या मृत्यूची नोंद करणे किती जड जाईल!

गावोगावच्या पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना शिक्षण देण्यात आले. त्यांना ‘आरोग्यदूत’ असे नाव मिळाले. दूत म्हणजे निरोप पोहोचविणारा. या स्त्रिया मात्र निरोपाबरोबर थर्मामीटर, वजनाचा काटा आणि औषधेही घेऊन जात. पहिल्या वर्षी, म्हणजे १९९५-९६ साली, त्यांनी मुख्यतः निरीक्षण केले. ७६३ बाळांना त्यांनी जन्मापासून पुन्हा पुन्हा घरी जाऊन पाहिले व प्रत्येकाची स्थिती लिहून ठेवली. या बाळांपैकी सुमारे ९५ टक्के घरीच जन्मली होती. निम्म्याहून अधिक बाळांना, नेमके सांगावयाचे तर शंभरातील ५४ बाळांना, वैद्यकीय मदतीची गरज पडली. ती मिळाली शंभरातील तीन बाळांनाही नाही. ७६३ पैकी ४० बाळे दगावली. ज्यांनी ही नोंदवही लिहिली, त्यांनीच त्या बाळांना मांडीवर घेऊन तोलले होते.

पुढील वर्षापासून उपचार सुरू झाले. बाळंतपणाची वर्दी येताच आरोग्यदूत सुईणीच्या सोबतीला जाऊन बसे. बाळ जन्मताच रडले नाही, तर त्याचे तोंड व नाक स्वच्छ करून साधनाने त्याला श्वास देई. बाळाला कोरडे पुसून उबदार कपड्यात गुंडाळी. बाळ लहान किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर त्याला ऊब देण्यासाठी खास शिवलेली पिशवी वापरी. आईने लवकर अंगावर पाजावे म्हणून तिला धीर देई. मग ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळाचा ताप पाही, वजन करी, श्वास मोजी. बाळाला जंतुदोष झाला आहे हे ओळखण्यासाठी तिला काही खुणा शिकविलेल्या होत्या. आधी नीट रडणारे बाळ आता क्षीण रडते, दूध ओढणे कमी झाले आहे, अंग लुळे पडले आहे, छातीत खळगा पडतो, नाळेत पू झाला आहे, अशा त्या खुणा होत्या. यांपैकी दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, की आईबापांना स्थिती समजावून सांगावयाची आणि त्यांची संमती घेऊन जेंटामायसीनचे इंजेक्शन व तोंडाने द्यावयाचे औषध सुरू करावयाचे. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक गावी येऊन तिचे काम व नोंदवही तपासत.

तिसऱ्या वर्षी शंभरातील ९३ नवजात बाळांपर्यंत ही शुश्रूषा पोहोचली. हा आकडा मृत्यूच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. उपाय कितीही उत्तम असला तरी तो निम्म्याच घरी पोहोचला असता, तर शेवटी अपयश आले असते आणि दोष उपायाचा की पोहोचविण्याचा, हे कळले नसते. पुष्कळ चांगल्या योजना अशाच रीतीने वाया जातात व त्यांचे खापर मात्र औषधावर फुटते.

१९९७-९८ साली, म्हणजे तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांत दर हजारी सुमारे ६० नवजात बाळे दगावली. तेथील स्थिती जवळजवळ पूर्वीसारखीच राहिली होती. उपाय झालेल्या गावांत मात्र ६२ चा आकडा २५.५ वर आला. मृत जन्म व पहिल्या आठवड्यातील मृत्यू यांचा एकत्रित आकडाही घटला. तेव्हा नोंदीच्या घोळामुळे हे यश दिसत असावे, ही शंका उरली नाही. पूर्वी जंतुदोष झालेल्या १६३ बाळांपैकी २७ गेली होती. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांपैकी दोनच गेली. सुमारे अठरा बाळांची निगा राखली म्हणजे एक मृत्यू टळे. हा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि डॉक्टरांच्या जगात त्याची मोठी चर्चा झाली.

चर्चेत शंकाही निघाल्या, आणि त्या निघावयास हव्याच होत्या. विचारी वाचकाच्या मनात येणारी पहिली शंका अशी, की तुलनेच्या ४७ गावांतील बाळांचे काय? त्यांना हा उपचार का दिला नाही? ही शंका टाळण्यासारखी नाही. तेथे शासनाच्या आरोग्यसेवा चालू होत्या. कोणाचे काही काढून घेतलेले नव्हते. आणि १९९५ साली हा उपाय तारील की मारील, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अननुभवी हातून दिलेल्या इंजेक्शनाने बाळांचे नुकसान झाले असते, तर तीच ४७ गावे सुदैवी ठरली असती. परीक्षा न झालेला उपाय सर्वांना एकदम देणे, ही दया दिसली तरी दया नव्हे. एवढे खरे, की परीक्षा संपून उत्तर हाती आल्यावर मात्र विलंबाला सबब राहत नाही.

दुसरी शंका शास्त्रीय होती. उपायाची गावे व तुलनेची गावे चिठ्ठ्या टाकून ठरविली नव्हती. तेव्हा दोहोंत न दिसणारा काही फरक असू शकेल. शिवाय बंग दांपत्यासारखी तळमळीची माणसे जेथे आहेत तेथे जे जमले, ते इतरत्र जमेल काय? या शंकेला उत्तर वादाने मिळणार नव्हते. प्रयोग दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसांनी करून पाहणे हाच मार्ग होता.

बांगलादेशाच्या ईशान्येस सिल्हेट नावाचा प्रदेश आहे. तेथे २४ विभाग पाडून, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने त्यांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटात स्त्री कार्यकर्त्या घरोघर जाऊन नवजात बाळांची निगा राखीत व आजारी बाळांवर उपचार करीत. दुसऱ्या गटात लोकांच्या सभा भरवून त्यांना बाळाच्या काळजीविषयी माहिती दिली जाई. तिसऱ्या गटात नेहमीच्या आरोग्यसेवा तेवढ्या होत्या. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या अखेरच्या सहा महिन्यांत घरोघर भेटी झालेल्या विभागांत दर हजारी सुमारे २९ नवजात बाळे दगावली, तर नेहमीच्या सेवा असलेल्या विभागांत सुमारे ४४. आणि सभांच्या गटात? तेथे सुमारे ४५, म्हणजे काहीच फरक नाही. सभा भरविणे हेही चांगले काम होते, कार्यकर्त्यांनी ते मनापासून केले होते आणि ऐकणाऱ्यांनाही ते आवडले असेल. पण तेथे त्या रीतीने त्याने बाळे वाचली नाहीत. तिसरा गट ठेवला नसता तर हे कधीच उमगले नसते.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांना घरी जाऊन भेटी द्याव्यात, अशी संयुक्त शिफारस केली. भारतात २००५ सालापासून गावोगावी ‘आशा’ नेमल्या जात होत्याच. २०११ साली घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरातील आशांकडे आले. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी जाते. बाळ घरीच जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही जाते. तिच्या पिशवीतील थर्मामीटर व वजनकाटा गडचिरोलीच्या आरोग्यदूताची आठवण करून देतो.

परंतु दोहोंत भेदही आहे. गडचिरोलीतील स्त्री स्वतः इंजेक्शन देत असे. देशव्यापी योजनेत आशाने मुख्यतः धोक्याची खूण ओळखून बाळाला रुग्णालयात पाठवावे, अशी व्यवस्था आहे. गडचिरोलीत दर पंधरवड्याला पर्यवेक्षक येई. लाखो आशांच्या बाबतीत ते सर्वत्र तितक्याच काटेकोरपणे होणे अवघड आहे. उपाय बदलला म्हणजे जुन्या उपायाचे यश आपोआप नव्याच्या पदरात पडत नाही. ते पुन्हा मोजावे लागते.

देशात नवजात मृत्यू पुष्कळ कमी झाले आहेत, यात संशय नाही. २०२० साली भारतात दर हजारी २० नवजात बाळे दगावली. पण हे श्रेय कोणाचे, हे सांगणे ४७ गावांच्या तुलनेइतके सोपे नाही. याच काळात रुग्णालयात होणारी बाळंतपणे फार वाढली. २००५-०६ साली ती शंभरात ३९ होती. २०१९-२१ च्या पाहणीत ८९ झाली. रस्ते झाले, रुग्णवाहिका आल्या, मुली अधिक शिकल्या, लसी मिळाल्या. आशांच्या भेटींचा वाटा यात आहे; तो किती, हे वेगळे काढून दाखविण्यासाठी भारताशेजारी ठेवावयास दुसरा भारत नाही.

निदान मोजणी तरी खरी असावी, यासाठी देशात एक चांगली पद्धत आहे. तिला नमुना नोंदणी पद्धती म्हणतात. देशभरातून निवडलेल्या वस्त्यांत एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यूंची नोंद ठेवतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस त्याच्या वहीत न पाहता घरोघर जाऊन स्वतंत्र नोंद करतो. मग दोन्ही नोंदी ताडून पाहतात. ज्या नोंदी जुळत नाहीत त्या घरी पुन्हा जाऊन खरे काय ते ठरवितात. २०२० सालचा २० हा आकडा याच पद्धतीने मिळाला आहे. त्याच वर्षीचे राज्यांचे आकडेही तिने दिले आहेत: केरळात ४, महाराष्ट्रात ११, आणि गडचिरोलीपासून फार दूर नसलेल्या मध्य प्रदेशात ३१.